खेचर थांबतं

१

डेल्फिना टॅगर्ट सकाळी चाचणी मैदानावर आली की स्वतःची टोपी गाडीत ठेवायची, हेल्मेट घालायची, हातमोजे चढवायची आणि खेचराच्या पोटाखाली जाऊन उभी राहायची. पन्नाशी उलटलेल्या बाईचं हे काम नव्हे, असं तिची बहीण दर रविवारी जेवताना सांगे. डेल्फिना मान डोलवी, मक्याच्या पिठाचा आणखी एक तमाले ताटात घेई आणि सोमवारी पुन्हा पोटाखाली हजर होई.

खेचर हे मैदानावरच्या लोकांनी पाडलेलं नाव. कागदावर त्याला लांबलचक नाव होतं, सैन्याच्या सगळ्याच वस्तूंना असतं तसं. एकच माणूस बसेल एवढं अरुंद हेलिकॉप्टर, वर एकमेकांत गुंतून फिरणारी दोन पाती, पोटाखाली हूक. ओझं उचलायचं, डोंगरापलीकडं नेऊन ठेवायचं, परत यायचं. गाढवा-घोड्याच्या पोराचं नाव देऊन ती माणसं मोकळी झाली. आपल्याकडं त्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'आकाशात फिरणारा' असा होतो आणि जुन्या पोथ्यांत तो काही फक्त पाखरांना लावलेला नाही. पण हे अमेरिकेतल्या युमाच्या वाळवंटात कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

पूर्वी ते माणूस चालवायचा. आता खुर्ची होती, पट्टे होते, दार होतं, फक्त माणूस नव्हता. अर्ध्या मैलावरच्या थंडगार ट्रेलरमध्ये कॉय ब्लेलॉक नावाचा माजी सैनिक पडद्यासमोर कॉफी पीत बटणं दाबी आणि बाकीचं सगळं संगणक करी. खाली मात्र अजून माणसंच लागत. पाती फिरली की यंत्राच्या अंगात वीज साठते, म्हणून सिओने नावाचा, टोंगा बेटांवरून आलेला धिप्पाड गडी आधी अर्थिंगची काठी हुकाला टेकवी. मग डेल्फिना ओझ्याच्या जाळीची कडी हुकात अडकवी आणि दोघं वाकून डावीकडं पळत.

डावीकडं, कारण पायलट डाव्या फुगीर काचेत कपाळ टेकवून खाली बघतो, आणि कडी लावणाऱ्यानं त्याला दिसेल अशा बाजूनंच निघायचं असतं. आता पायलट नाही म्हटल्यावर डावी काय नि उजवी काय! पण डेल्फिना डावीकडंच पळे, धुळीत वळून उभी राही आणि त्या रिकाम्या काचेला हातांनी खुणा करी. कडी लागली. ओझं मोकळं आहे. वर घे. सगळ्यात शेवटी उजवा तळवा हेल्मेटवर ठेवी. ही शेवटची खूण कुठल्याही पुस्तकात नव्हती.

"आंटी, हात कोणाला करताय?" सिओने विचारी. "आत कोणी नाही."

"माहितीये मला."

"मग?"

"तू चर्चमध्ये देव दिसला की मगच गुडघे टेकतोस का रे?"

यावर सिओने काठी उचलून कामाला लागे. त्याचे वडील पाद्री होते.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. डेल्फिना चांगली जिवंत होती, तेव्हा तिची खोड राहिली यात नवल ते काय.

२

त्या दिवशी पाण्याच्या पिंपांची जाळी होती. कडी लागली, दोघं बाहेर आली, आणि डेल्फिनाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली म्हणून ती खाली वाकली. हातमोजे घालून नाडी बांधणं म्हणजे खटाटोप. तिनं एक मोजा दातांनी ओढून काढला, गाठ मारली, मोजा पुन्हा चढवला. कानातल्या रेडिओवर कॉय कुरकुरत होता.

"मी केव्हाचं वर घ्यायचं बटण दाबलंय. जात का नाही हे? ए खेचरा, ऊठ की."

खेचर तिथंच लटकलं होतं. पट्टे ताणलेले, पिंपं जमिनीवरून नुसती सुटायच्या बेतात. डेल्फिना उभी राहिली आणि सवयीनं तळवा डोक्यावर गेला. खेचर वर गेलं.

"हां, उठलं बघ," कॉय म्हणाला.

तिला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुपारी, डबा उघडून बसल्यावर. हातातला बरीटो तोंडाशी तसाच राहिला आणि सिओनेनं विचारलं, मिरची लागली का.

पुढच्या खेपेला तिनं मुद्दाम हात खाली ठेवले. मनात एक अख्खी प्रार्थना म्हटली, सावकाश, एकही शब्द न गाळता. वरून वाळूचा मारा चालू होता. डोक्यावर एवढं मोठं धूड, आणि ते हलत नव्हतं. ज्या यंत्राला डोळे नाहीत त्याच्याकडं बघून आपण कशाला हट्टाला पेटलोय, असं तिला वाटलं आणि हसूही आलं. मग तिनं तळवा डोक्यावर ठेवला, आणि ते लगेच, अगदी हलक्या हातानं उचलल्यासारखं, वर गेलं.

तिचं हसू गेलं. यंत्रं धक्का देऊन उठतात. असं हळुवार उचलणारा तिनं आयुष्यात एकच पाहिला होता.

३

"वारा असेल," कॉय म्हणाला.

"वारा नव्हता."

"मग सेन्सर. खाली कोणी असलं की थांबायला शिकवलंय त्याला."

"मी बाहेर येऊन उभी होते, कॉय. सिओने पण."

ट्रेलरमध्ये एसी घुमत होता आणि कॉयच्या खुर्चीखाली शेंगदाण्याची टरफलं पडली होती. त्यानं तिला पडदे दाखवले. एक कॅमेरा समोर बघणारा, एक पोटाखाली, हुकावर रोखलेला. डावीकडं बघणारा एकही नव्हता.

"म्हणजे मी कुठं उभी असते ते तुला दिसत नाही?"

"मला तर दिसत नाहीसच, त्यालाही दिसत नाहीस. का? नटूनथटून येणार आहेस का उद्यापासून?" मग तिचा चेहरा बघून त्यानं पाय टेबलावरून खाली घेतले. "हे बघ, उगाच बोभाटा करू नको. दोन आठवड्यांत मेजर येतायत बघायला. तोवर जरा थांबतंय म्हणून काही बिघडत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं सिओनेला तळवा डोक्यावर ठेवायला लावला. त्यानं ठेवला. खेचर ढिम्म. त्यानं दुसरा हात ठेवून पाहिला, शेवटी दोन्ही ठेवले. एखादा पोरगा शाळेत शिक्षा भोगतोय असा तो दिसत होता. डेल्फिनानं आपला एक हात वर केला आणि ओझं उठलं.

त्यानंतर तिनं शेवटचं करून पाहिलं. पाठ धरली असं सांगून ती लांब, आपल्या पिकअपमध्ये जाऊन बसली. कडी एकट्या सिओनेनं लावली. खेचर थांबलं. थोड्या वेळानं त्याचं नाक वळायला लागलं, सावकाश, आधी उजवीकडं, मग मागं, पिंपं खाली धरूनच. गर्दीच्या बाजारात चुकलेलं माणूस शोधताना मान फिरते तसं ते फिरलं आणि डावी काच पिकअपसमोर आल्यावर थांबलं.

डेल्फिनानं गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यावर तळवा ठेवला.

सिओनेनं काठी जमिनीवर ठेवली, गळ्यातला क्रॉस बाहेर काढला आणि शर्टाच्या वरच राहू दिला. त्यानंतर त्यानं तिला कधी विचारलं नाही की हात कोणाला करता.

४

तो कोण, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असणं आणि कबूल करणं यांच्यामध्ये बायका बरंच काही रचून ठेवतात, पुरुषांइतकंच.

अर्विन टॅगर्ट हा तिचा नवरा. हेच यंत्र घेऊन तो उत्तरेच्या डोंगरांत लाकडं ओढायचा तेव्हा ती खाली ओंडक्यांना साखळ्या लावायची. तिथंच त्यांची ओळख झाली, तो वर आणि ती खाली. पहिला सगळा उन्हाळा दोघं एकमेकांशी फक्त हातांनी बोलले. संध्याकाळी तो खाली उतरला तेव्हा त्याचा आवाज इतका बारीक आहे हे कळून ती हसली होती. एकदा वाऱ्यानं तिची टोपी उडाली, ती टोपीमागं परत ओझ्याखाली धावली आणि ओंडका तिच्या कानाशेजारून गेला. अर्विन त्या दिवशी खाली येऊन तिच्यावर ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "फीना, यापुढं तुझा हात तुझ्या टोपीवर दिसल्याशिवाय मी काहीही उचलणार नाही. तू असशील तिथं तुझी टोपी असेल, आणि दोन्ही माझ्या ओझ्याखाली नसतील." लग्नात पाद्रीसमोर त्यानं जे काय कबूल केलं त्यापेक्षा तिला हे जास्त खरं वाटे.

पुढं सैन्याची कामं घेणाऱ्या एका कंपनीनं यंत्र विकत घेतलं, त्यात संगणक बसवला, आणि यंत्राबरोबर अर्विनही आला. सुरुवातीच्या चाचण्यांत आत एक माणूस असावा असा नियम होता. हात गुडघ्यांवर ठेवून बसायचं, कशाला शिवायचं नाही. "काही न करायचा पगार घेणारा घराण्यातला मी पहिला," असं तो सांगे. त्याच्या हाताशी एकच बटण ठेवलं होतं, थांबवण्याचं. फीनाचा हात टोपीवर दिसेपर्यंत तो ते दाबून ठेवी आणि कॉय ट्रेलरमधून त्याला शिव्या घाली.

गेल्या मार्चमध्ये दिवसभर खेपा चालू होत्या. शेवटची खेप झाली, खेचर अलगद टेकलं, पाती थांबली. दार काही उघडेना, म्हणून डेल्फिनानं ते बाहेरून उघडलं. अर्विन पट्ट्यांमध्ये नीट बसलेला होता. हात गुडघ्यांवर, कपाळ डाव्या काचेला, नजर खाली. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले. केव्हा, असं तिनं विचारलं, तर सकाळीच, म्हणाले, फार तर पहिल्या-दुसऱ्या खेपेला.

म्हणजे सगळा दिवस ती एका मेलेल्या माणसाला हात करत होती. तेही तिनं सोसलं. पण त्या दिवशी दर खेपेला खेचर तिच्या हातासाठी थांबलं होतं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, स्वतःलाही धडसं नाही. नंतर कंपनीनं ते बटण काढून टाकलं, कारण आत आता कोणी बसणार नव्हतं.

मेल्याशिवाय खोड जात नाही, ठीक. पण मेल्यावर जातेच, असं कोणी पाहून आलंय?

५

आणि ती सुखात होती, हे सांगितलंच पाहिजे. घाबरली होती, रात्री दिवा चालू ठेवून झोपत होती, पण सकाळी उठायची घाई असे. हेल्मेटखाली कोणाला दिसणार नाहीत तरी केस विंचरून येई. वाळूत उभं राहून हात खाली ठेवावेत, त्याला थोडं ताटकळत ठेवावं आणि मग तळवा डोक्यावर न्यावा, यात तिला नव्या नवरीसारखी मजा वाटू लागली होती. त्याचं प्रत्येक उठणं तिच्यासाठी असे.

मेजर प्रुइट आल्या त्या सडपातळ, उन्हानं रापलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. खेचर कुठं जाणार ते त्यांनी सांगितलं नाही, विचारायचंही नसतं. डोंगराच्या शेंड्यांवर चौक्या आहेत, रस्त्यांवर सुरुंग आहेत, आणि वर बसलेल्या पोरांना पाणी आणि रक्ताच्या पिशव्या या यंत्राखेरीज पोचू शकत नाहीत, एवढं त्या बोलल्या.

"हवेत किती वेळ लटकतं?" त्यांनी कॉयला विचारलं.

"कडी लागली की लगेच उठतं, मॅडम." कॉयनं डेल्फिनाकडं बघायचं टाळलं.

"उठलंच पाहिजे. गेल्या खेपेला आमचं माणूस बसलेलं हेलिकॉप्टर जरा जास्त वेळ लटकलं. समोरच्या कड्यावरून नेम धरायला तेवढं पुरतं." त्यांनी हातातली वही मिटली. "प्रात्यक्षिक माझे जवान करतील. तिथं तुमची माणसं नसणार. गुरुवारी बघू, आणि पुढच्या आठवड्यात हे जहाजावर."

सगळे चहाकॉफीकडं वळले. डेल्फिना एकटी खेचरापाशी राहिली. पहिल्यांदाच तिला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं. परका डोंगर, परके जवान, कडी लावून बाहेर पळालेले. आणि वर तो, काचेला कपाळ लावून, तिला शोधत. इकडं वळून बघतोय, तिकडं वळून बघतोय, खाली पोरं ओरडतायत, आणि कड्यावर कोणीतरी निवांत नेम धरतंय. ती येईपर्यंत तो तिथून हलणार नाही. त्यानं शब्द दिला होता.

६

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती हँगरमध्ये गेली. पत्र्याची उंच शेड, दिवसाचं ऊन शोषून घेतलेली, आता थंड होताना टकटक वाजत होती. तिनं खेचराचं दार उघडलं. डाव्या काचेवर आतून तेलकट डाग होता, कपाळ टेकल्यावर पडतो तसा. गेल्या मार्चमध्ये ती काच तिनं स्वतः पुसली होती. मेकॅनिक झुकला असेल, असं म्हणून तिनं बाहीनं पुन्हा पुसली आणि चढून खुर्चीत बसली. तिचं कपाळ काचेच्या कडेपर्यंतच पोचलं. पुसलेला डाग त्याच्या वर वीतभर होता. मेकॅनिक तिच्याहून बुटका होता.

"अर्व," ती म्हणाली.

पत्र्याची टकटक थांबली. शेड थंड झाली असेल, तिनं मनाशी म्हटलं.

"अर्व, तू गेलास रे. मार्चमध्येच गेलास. कोणी सांगितलं नाही तुला, कारण काही थांबलंच नाही. पाती फिरत राहिली, मी हात करत राहिले. तुला कसं कळणार?" तिनं खुर्चीचा पट्टा हातात घेतला. "माझीच चूक. मी रोज हात करते आणि तुला वाटतं, अजून एक खेप आहे."

काही झालं नाही. तिनं दिवसभराच्या थकव्यानं मान मागं टाकली, आणि तेव्हा तिला जाणवलं की पाठीला खुर्ची लागत नाहीये, म्हणजे लागतेय, पण खुर्चीइतकी टणक लागत नाहीये. आपण रिकाम्या खुर्चीत बसलोय की कोणाच्या मांडीवर, हे तिला कळेना. बावीस वर्षांच्या संसारात ज्या जागी ती सगळ्यात जास्त विसावली, तिथून ती धडपडत उतरली आणि शेडच्या दारापर्यंत मागं न बघता चालत गेली. काच तिनं नुकतीच पुसली होती. तिच्याकडं बघायचा तिला धीर झाला नाही.

गाडीत बसल्यावर तिला आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती इतकी साधी होती की तिला रडू आलं. आत बसलेल्याला पात्यांच्या आवाजात खालचं काही ऐकू येत नसतं, आणि त्याच्या लेखी पाती अजून फिरतच होती. इतकी वर्षं तिनं खाली उभं राहून त्याला लाखोली वाहिली होती, गाणी म्हटली होती, एकदा गरोदर असल्याचंही ओरडून सांगितलं होतं, आणि त्यातलं अक्षरही त्याच्या कानी गेलं नव्हतं. त्याला सांगायचं तर हातांनीच. पण हातांच्या भाषेत 'तू मेलास' असा शब्द नाही. गळ्यावरून आडवा हात फिरवला तर त्याचा अर्थ इंजिन बंद कर. तो करील. हवेत असला तरी करील, तिनं सांगितलंय म्हटल्यावर.

७

गुरुवारी सकाळी स्वच्छ ऊन होतं. दूरच्या शेतांत लेट्यूसची कापणी चालू होती. एका तंबूखाली खुर्च्या मांडल्या होत्या, मेजर पहिल्या रांगेत, त्यांच्याबरोबर आणखी काही अधिकारी. डेल्फिनाला शेवटी, खांबापाशी जागा मिळाली. सिओने तिच्या शेजारी मांडीवर काठी नसल्यानं अवघडून बसला होता.

दोन जवान पोटाखाली गेले. काठी टेकली, कडी लागली. पोरं चपळ होती आणि डावीकडंच पळाली, त्यांनाही तसंच शिकवलेलं. डेल्फिनानं हात मांडीखाली दाबून धरले.

खेचर उठलं नाही.

मेजरनी घड्याळ बघितलं नाही, नुसत्या ताठ बसल्या. सिओनेच्या कमरेच्या रेडिओवर कॉयचा आवाज आला, कुजबुजता. "डेल्फिना. देवाची शपथ, काय करतेस ते कर. काहीही कर. मी बटण दाबून दाबून थकलो."

म्हणजे कॉयलाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असावं.

खेचराचं नाक वळलं. उजवीकडं, मागं, मग तंबूकडं. पट्ट्यांखाली रक्ताच्या पिशव्यांऐवजी वाळूची पोती होती, ती जमिनीवरून सरपटत आली आणि मग उचलली गेली. ते सरळ तिच्या दिशेनं येत होतं, सावकाश, खाली उतरत. तंबूचं कापड फडफडायला लागलं. खुर्च्या पडल्या, माणसं पळाली. डेल्फिना उठून उन्हात आली.

तळवा डोक्यावर ठेवला असता तर तो तिथल्या तिथं थांबला असता, वर गेला असता, दिवस साजरा झाला असता. आणि पुढच्या आठवड्यात जहाज. तिचा उजवा हात अर्ध्यापर्यंत गेलाही. तो खाली आणताना जेवढा जोर लागला तेवढा बाळंतपणातही लागला नव्हता.

काच आता इतकी जवळ होती की तिला तीत स्वतःचं प्रतिबिंब दिसायला हवं होतं. ते दिसलं नाही. काचेच्या आत, वरच्या बाजूला, एक फिकट गोल दाबलेला होता, आणि त्याखाली वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती. कोणीतरी धावून आल्यासारखं. इतका वेळ सापडली नाहीस कुठं, असं विचारल्यासारखं.

डेल्फिनानं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनगटं एकमेकांवर फुलीसारखी टाकली. इथं उतरू नकोस. परत जा. बावीस वर्षांत तिनं ही खूण त्याला एकदाही केली नव्हती. ती जिथं उभी असे तिथं त्याला नेहमीच उतरता आलं होतं.

खेचर थबकलं.

तिनं हात मोकळे केले, पुन्हा फुली टाकली. पुन्हा मोकळे, पुन्हा फुली. डोळ्यांत वाळू होती आणि ती पुसायला हात रिकामा नव्हता. "जा की रे," ती ओरडत होती, ऐकू जाणार नाही हे माहीत असून. "जा माझ्या राजा. माझं माझं बघेन मी."

काचेवरची वाफ बराच वेळ तशीच राहिली. मग ती कडेकडून आटत गेली, आणि पुन्हा धरली नाही. उघड्या काचेत डेल्फिनाला डोक्यावर हात आडवे धरलेली एक म्हातारी बाई दिसली.

खेचर वळलं, पोती घेऊन डोंगरापलीकडं गेलं, ठेवून परत आलं. मेजरनी कॉयला विचारलं की मघाशी काय झालं. वारा, असं तो म्हणाला. त्यांनी डेल्फिनाकडं बराच वेळ पाहिलं आणि लिहून घेतलं, वारा.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची खेप होती, उपचारापुरती. पाण्याची पिंपं. सिओनेनं काठी टेकवली, डेल्फिनानं कडी लावली आणि दोघं डावीकडं निघाली.

ती चार पावलंही गेली नसेल. खेचर धक्का देऊन उठलं. ताणलेला पट्टा तिच्या खांद्यावर सपकन बसला, ती वाळूत तोंडघशी आपटली, आणि पिंपांची जाळी तिच्या हेल्मेटला घासून वर गेली. ती उताणी झाली तोवर खेचर पूर्वेला लागलं होतं. नाक सरळ, ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या वेगात. ते वळलं नाही.

"उठलं बघ, बटणाबरोबर!" रेडिओवर कॉय खुशीत होता. "झाला बाबा शहाणा."

सिओने धावत आला आणि गुडघ्यांवर बसला. तिचा खांदा निखळला होता, बाही फाटली होती, रक्त येत होतं. तिला हलवावं की नको हे त्याला कळेना. डेल्फिना आभाळाकडं बघत होती. त्यात आता एक ठिपका होता, तोही लहान होत चालला होता, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं.

"आंटी, लागलं का हो?"

"लागलं रे," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा."